येळवशीचा वण

थंडी पडल्याचं मला माझं डावं मनगट सांगतं. मार्गशीर्ष निम्मा सरला की बांगड्यांच्या जागेवरचा एक जुना वण खाजायला लागतो आणि मी सुनेला म्हणते, "ज्वारी हुरड्यात आली बघ." सून हसते. धाराशिवात तिसऱ्या मजल्यावर बसून म्हातारीला शिवारातलं कळतं, याची तिला गंमत वाटते. मग एखाद्या रविवारी मुलगा मला हुरडा पार्टीला घेऊन जातो. हुरड्याची पार्टी असते हे मला म्हातारपणी समजलं. गाद्या, लोड, मोठमोठ्यानं गाणी आणि चकचकीत कागदी ताटलीत मोजून चमचाभर हुरडा. मी चार दाणे तोंडात टाकते, बरं आहे म्हणते, आणि आगटीपाशी बसलेल्या माणसाचे हात बघत राहते. गरम कणीस चोळणारे हात बघितले की मन जागेवर राहत नाही. ते उठतं आणि तामलवाडीच्या शिवारात, लग्नानंतरच्या माझ्या पहिल्या हंगामात जाऊन बसतं.

माझं माहेर तेरखेड्याचं. आमच्याकडं दारूकाम चाले, म्हणजे फटाक्यांचं. बापूंच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, उजव्या हाताची दोन बोटं फटाक्याच्या एका फुटलेल्या तोट्यानं नेलेली होती आणि उरलेल्या तीन बोटांनी ते इतकं नाजूक काम करत की पाहुणे बघायला येत. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. माझ्यासाठी स्थळ आलं ते वयानं बऱ्याच मोठ्या, पलटणीतून आलेल्या माणसाचं. हे पोरसवदा असताना घरातून पळून सोलापूरला गेले होते, तिथं इंग्रजांच्या फौजेत भरती झाले आणि सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांच्या हाती लागले. तिथून त्यांना जहाजाच्या तळात कोंबून दक्षिणेकडच्या कुठल्याशा बेटावर नेलं. लढाई संपेपर्यंत ते तिथं कैदी होते. त्यांच्याबरोबर गेलेल्यांतले बहुतेक तिथंच कुजले. हे परत आले तेव्हा म्हणे आईनं ओळखलं नव्हतं. असल्या माणसाला बरीच वर्षं कुणी मुलगी देईना. बापू मात्र म्हणाले, "एवढ्यातनं वाचलाय गडी, म्हंजी टिकाऊ असंल." कुणी बैल घेतानाही याहून जास्त चौकशी करतं.

लग्न तेरखेड्यात लागलं. जावई फौजी, आणि गाव दारूकामाचं. तेव्हा मंडळींनी ठरवलं की अक्षता पडल्या की अशी सलामी द्यायची की पंचक्रोशीनं ऐकावी. बापूंनी स्वतः तोटे वळले होते. अंतरपाट दूर झाला, मी मान वर करणार तोच मांडवामागं पहिला बार उडाला. पुढचं मला तुकड्या-तुकड्यानं आठवतं. एक धक्का बसला, मी तोंडावर पडले आणि माझ्या पाठीवर या माणसाचं सगळं ओझं आलं. एका हातानं त्यांनी माझं डोकं मातीत दाबून धरलं होतं. बार उडत होते आणि दर बाराला तो हात अजून घट्ट होत होता. तोंडात माती, रक्त आणि तांदळाचे दाणे. कुणीतरी यांच्या खांद्याला धरून उठवायला गेलं, तर यांनी वळून त्याच्या तोंडावर असा ठोसा दिला की बिचारा मांडवाच्या खांबावर जाऊन आपटला. तो माझा मामा होता. मांडवभर हशा झाला. लग्नात मामाला आहेर मिळाला तो असा, आणि मला मिळाला अर्धा तुटलेला दात. तो दात मी पुढं आयुष्यभर मिरवला.

मी हसून सांगते आहे, पण तेव्हा भीतीनं माझं पाणी झालं होतं. यांनी मला मारायला नव्हे, वाचवायला पाडलं होतं, हे समजण्याइतकं शहाणपण मला नव्हतं.

सासरी हे फारसं बोलत नसत. कडब्याच्या पेंढ्या मोजताना मात्र मोठ्यानं मोजत, आणि ते आकडे आपले नसत. "इची, नी, सान, शी..." थोरले दीर बांधावरून ओरडायचे, "किसन, आरं मराठीत मोज की! कडबा हितलाच हाय." गडी हसायचे. हे हसायचे नाहीत, थांबायचेही नाहीत. जेवताना डाव्या हाताचा आडोसा ताटाभोवती धरत. सांडलेला दाणा बोटाला थुंकी लावून उचलत. अंथरूण झाडलं की उशाखालून शिळ्या भाकरीचे तुकडे निघत. ते मी टाकले तर दिवसभर माझ्याकडं बघत नसत.

एका पहाटे मोटेला जायची वेळ झाली म्हणून मी यांना उठवायला खांद्याला हात लावला. डोळे उघडायच्या आधी त्यांचे दोन्ही हात माझ्या गळ्यावर आले. मला तशीच धरून ते उभे राहिले, माझे पाय जमिनीवरून सुटले होते. सासूबाईंनी मुसळ हाणलं नसतं तर हा लेख लिहायला मी नसते. भानावर आल्यावर यांनी स्वतःचे हात असे बघितले, जणू ते कुणी दुसऱ्यानं तिथं ठेवले होते. त्याच दिवशी वाकळ उचलून ते शेतात राहायला गेले. मला वाटलं, मला टाकलं.

दिवाळसणाला जावई आले नाहीत. तेरखेड्याच्या दिवाळीत तो माणूस कसा येणार? मी एकटीच गेले. बापूंनी माझ्या गळ्यावरचे पिवळे पडलेले डाग बघितले आणि हातातलं काम खाली ठेवलं.

"ह्ये त्यानं केलं?"

मी मान हलवली.

"आत्ता लगीच तोडत न्हाय. लोकं नावं ठिवतील, पोरीनं दिवाळीबी न्हाय काढली म्हनून. येळवशीला येतो. माझ्या डोळ्यानं बघतो. न्हाय पटलं, तर घोटभर पानी न पिता तुला उभ्या उभ्या घिऊन जातो." मी बरं म्हणाले. खरं सांगते, मला जायचं होतं. परतताना मी मनातल्या मनात दिवस मोजत होते.

आमच्या भागाबाहेरच्यांना येळवस ठाऊक नसते. मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळं माणूस शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभारायची, आत पाच दगड मांडून पांडव म्हणून पुजायचे, बाजरीचे उंडे, सगळ्या भाज्या-शेंगांची भज्जी, गव्हाची खीर, आणि मडक्यातली आंबील. आंबील पिकावरही शिंपायची. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे वाटेनं जाणाऱ्या कुणालाही हाक मारून जेवायला बसवायचं. जात नाही विचारायची, गाव नाही विचारायचं. त्या दिवशी आमच्या शिवारातून उपाशी माणूस जात नाही.

त्या वर्षी ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेली होती. रात्रीच्या दंवानं पानं सकाळी उशिरापर्यंत ओली, आणि दिवस वर आला की कणसांतून एक गोडसर, दुधाळ वास यायचा. पाखरांच्या राखणीला हे माळ्यावर बसत. चार खांबांवर उभा केलेला उंच माळा, हातात गोफण. राखण म्हणजे पाखरं उडवायची. पोरं हाकारे घालतात, गोफणीचा आवाज काढतात, खडा कुठंही पडतो. हे आवाज करत नसत. हे नेम धरत. मी भाकरी घेऊन जाई तेव्हा माळ्याखाली मेलेल्या चिमण्या आणि साळुंक्या पडलेल्या असत, कुणाचं डोकं फुटलेलं, कुणाचा पंख तुटून अजून फडफडत. संध्याकाळी हे ती पाखरं निखाऱ्यांच्या आरावर भाजून हाडांसकट खात. माळकरी घर आमचं. सासूबाई तिकडं तोंड करून बसत नसत. मी एकदा म्हणाले, "उडवली तरी चालतंय की."

"उडवली तर परत येतात," हे म्हणाले.

त्या हंगामात यांचं माझ्याशी झालेलं हे सगळ्यांत मोठं बोलणं. पण त्याच माणसाचं दुसरंही एक होतं. हुरडा तयार झाला तसा पहिली कणसं भाजून, चोळून, पाखडून, फडक्यात बांधून हे नळदुर्गला जाऊन आले. दर वर्षी जातात, जाऊबाई म्हणाल्या, आणि डोळा मारला. "नळदुर्गात कोन हाय ती इचार की एकदा." मी विचारलं नाही. मला माहेरी निघूनच जायचं होतं, तर विचारून काय करायचं होतं?

येळवशीला बापू सकाळीच आले. रामराम घातला, मी पाण्याचा तांब्या पुढं केला तो त्यांनी हातानं बाजूला सारला, आणि कोपीच्या सावलीला बसले. मी माझं लुगडं-चोळीचं बोचकं बांधून कोपीतच ठेवलं होतं. पूजा झाली. दिरांनी आंबील शिंपली. हे माळ्यावरून खाली आले नव्हते. मी भज्जी वाढायला घेतली आणि तेवढ्यात ज्वारीतून आरडाओरडा झाला.

गड्यांनी एका माणसाला ओढत आणलं. सोलापूरच्या सडकेवर खडी फोडायला लांबच्या जिल्ह्यांतली माणसं आली होती, त्यातला होता. अंगावर चिंधी, बरगड्या मोजून घ्याव्यात, आणि धोतराच्या ओच्यात कणसं. काही कच्चीच चावलेली, ओठांच्या कडेला पांढरा चीक. ज्या दिवशी नुसतं बांधावर उभं राहिलं तरी पोटभर मिळालं असतं, त्या दिवशी या शहाण्यानं चोरी केली. त्याला बिचाऱ्याला येळवस ठाऊक नव्हती.

"सनाच्या दिशी चोरी!" दिरांनी पहिली लाथ घातली. मग गड्यांनी. शेजारच्या शेतांतूनही माणसं आली. हसतखेळत जेवणारी माणसं, हातांना अजून भज्जी लागलेली, त्यांनी त्याला बाभळीला तोंड करून बांधलं. कुणाला त्यात काही वाटलं नाही. कणसं चोरणाऱ्याला बांधून फोडायची रीतच होती. तेवढ्यात हे माळ्यावरून उतरून आले. माणसं बाजूला झाली. दिरांनी बैलांचा आसूड यांच्या हातात दिला. मानानं दिला, बरं का. आज इतक्या वर्षांनीही मी दिरांना दोष देत नाही. फौजी माणूस, त्याचा पहिला हक्क, असं त्यांना वाटलं.

"घे किसन. पल्टनीचा हात दाव ह्याला."

हे आसूडाकडं बघत राहिले. मग यांची पाठ ताठ झाली, टाचा जुळल्या आणि आसूड उठला.

"इची."

त्या माणसाची किंकाळी मी आजही ऐकते. "नी." पाठीवरची कातडी फाटली. "सान." पहिल्या दोन-तीन फटक्यांना माणसं हसली, आकड्यांना. मग हसू थांबलं. हात एका लयीत वर जात होता, खाली येत होता, यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. बाभळीच्या सालीवर रक्ताचे शिंतोडे. तो माणूस आधी ओरडत होता, मग फक्त कण्हायला लागला, मग मान एका बाजूला पडली. दीर म्हणाले, "बास किसन. बास!" आकडे चालूच. दीर आडवे गेले, तर कोपराचा असा तडाखा बसला की नाकातून रक्त घेऊन खाली बसले. पुन्हा कुणी पुढं झालं नाही. एवढी बांधभर माणसं आणि सगळ्यांचे पाय जमिनीत रुतलेले. बापू उभे राहिले होते. त्यांच्या तोंडावर मी स्पष्ट वाचलं की आता आम्ही निघणार.

मी का गेले, ते मला सांगता येत नाही. हातात भज्जीची पळी होती, ती टाकायचंही सुचलं नाही. मी त्या माणसाच्या आणि आसूडाच्या मध्ये जाऊन डावा हात वर केला. आसूडाची वादी मनगटाला वेढा घालून बसली. काकणं खळकन फुटली, काच आत शिरली आणि रक्त कोपरापर्यंत ओघळलं. दुखलं नाही लगेच. मी यांच्या डोळ्यांत बघत होते. ते डोळे कुठूनतरी लांबून येत होते. आले. माझ्यावर थांबले. हात खाली गेला, आसूड गळून पडला आणि हे मटकन मातीत बसले.

"नब्या," हे म्हणाले. "नब्या मेला का?"

मग त्या माणसाला सोडवेपर्यंत, त्याच्या तोंडात पाणी घालेपर्यंत हे बोलत राहिले. दहा-बारा वर्षांचं साचलेलं बोलले, मातीकडं बघत.

"नळदुर्गचा नबीलाल. एका ताटात खायाचो आमी. बेटावर शेवटाला काय बी न्हवतं. गवत शिजवून खाल्लं, साप खाल्ले. नब्यानं शिपायांच्या वाफ्यातलं रताळं उपसलं. कच्चंच खाल्लं. धरला. मला म्हनले, तू मार. हळू मारलंस तर दोघांची मुंडकी. आन् मोजायचं मोठ्यानं, त्यांच्या भाषेत. नब्या म्हनत हुता, मार लेका जोरानं, मला लागत न्हाय. म्या मारलं." हे थांबले. मग हळू म्हणाले, "त्यो शिपाई शेवटाला बास म्हनला. त्यानं बास म्हनल्यावर बी माझा हात थांबला न्हाय. ह्ये म्या कुनाला सांगितलं न्हाय. नब्याच्या आईला बी न्हाय. तिला हुरडा दिऊन येतो निस्ता."

 जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला. खडीवाल्याच्या पाठीला मी हळद-तेल लावत होते, माझ्याच रक्ताचे थेंब त्यात पडत होते. तो शुद्धीवर आला, त्याला खीर भरवली. आज मागितलं असतंस तर पोटभर मिळालं असतं, असं दीर नाक दाबून त्याला म्हणाले.

"आन् उद्या?" त्यानं विचारलं.

दिरांनी त्याच्यापुढं अजून एक पळी खीर वाढली. 

बापू माझ्यापाशी आले. "ऊठ गोदे. बोचकं घे तुझं."

"घिऊन जावा," हे खालूनच म्हणाले. "म्याच सांगनार हुतो तुमाला. चांगली पोर हाय. ह्यो हात थांबत न्हाय. तवा न्हाय थांबला, आज बी न्हाय."

मी उठले. बोचकं कोपीत, बापू समोर, आणि रात्रंदिवस मनात मोजलेला तो दिवस आलेला. मला जायचं होतं हो. पण हा माणूस खोटं बोलत होता, आणि ते खोटं आहे हे तिथं फक्त मला ठाऊक होतं. मी मनगट सगळ्यांसमोर वर धरलं.

"थांबला की," मी म्हणाले. "ह्ये बघा. माझ्यापाशी आला आन् थांबला."

हे पहिल्यांदा माझ्याकडं मान वर करून बघत होते. बापूंनी माझं मनगट आपल्या तीन बोटांत धरलं, उलटंसुलटं करून बघितलं, आत रुतलेला काचेचा तुकडा अलगद काढला. जखमांचं त्यांना कळत होतं. मग ते पुन्हा कोपीच्या सावलीला जाऊन बसले.

"घसा कोरडा पडलाय," ते म्हणाले. "आंबील आन गोदे."

पंधरवड्यानं आम्ही दोघं नळदुर्गला गेलो. यांनी नबीलालच्या आईला सगळं सांगितलं. म्हातारीनं यांच्या थोबाडीत मारली, दोनदा, तिच्या अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून, आणि तोंड फिरवून बसली. हुरड्याचं फडकं मात्र तिनं परत दिलं नाही. पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो, आणि ती होती तोवर जात राहिलो. ती यांच्याशी कधी बोलली नाही, माझ्याशी बोलायची. यांनी पुन्हा आसूड धरला नाही, बैल नुसत्या आवाजानं हाकले. चिमण्या मात्र मारायचे, ते काही सुटलं नाही. आणि आकडे त्यांच्या शेवटापर्यंत तेच राहिले.

त्या येळवशीला संध्याकाळी हे माळ्यावर गेले नाहीत, घरी आले. पण पहाटे उठवताना मी परत खांद्याला हात लावायला धजले नाही. दाराशी उभी राहून हाक मारली. कितीतरी वर्षं मी तशीच, लांबून हाक मारत होते. मग एका हिवाळ्यात, मुलगा पाळण्यात होता तेव्हा, हे झोपेतच माझा डावा हात शोधायला लागले. वणावर अंगठा ठेवला आणि घोरायला लागले. मी जागी राहून उजाडायची वाट बघत होते. उजाडल्यावर मी दुसऱ्या हातानं हळूच यांच्या खांद्याला शिवले. यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "उजाडलं व्हय?"